शब्दांच्या भेंड्यांत दरवेळी तीच सात पोरं बोलतात (पाचवी, इंग्रजी, सगळ्या पातळ्या एकाच वर्गात)

खडूची_भुकटी · २६ मार्च, रात्री १०.४०

बरेच दिवस वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेची शाळा, पाचवीचा वर्ग, पट ३४. गाव मराठवाड्यातलं, ऊसतोडीला जाणारं. इंग्रजीच्या बाबतीत वर्गात तीन वस्त्या झाल्यात. सहा-सात पोरं उतारा धडाधड वाचतात, त्यातले दोघे तर यूट्यूबच्या कृपेने 'ओह माय गॉड ब्रो'पर्यंत पोचलेत. मधली पंधरा-सोळा सुटे शब्द ओळखतात, वाक्य आलं की थबकतात. उरलेल्यांत 'बी' कुठला आणि 'डी' कुठला इथेच अडलेलीही आहेत. दोन मुलींची घरची भाषा गोरमाटी, म्हणजे त्यांना मराठी दुसरी आणि इंग्रजी तिसरी. चौघं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याला जातात. त्यातले दोघे नुकतेच परत आलेत, पुस्तकं कोरी करकरीत.

प्रशिक्षणात सांगतात, खेळातून शिकवा. मी शिकवतेच. आमचा ठरलेला खेळ म्हणजे शब्दांच्या भेंड्या. दोन गट, फळ्यावर गुण. पोरं खूश, मी खूश. गेल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना ग्रुपवर टाकायला उपक्रमाचा व्हिडिओ हवा होता, म्हणून मोबाइल खिडकीत टेकवून अख्खा खेळ टिपला. रात्री घरी बघितला. वीस मिनिटांत वेगवेगळे आवाज किती? सात. मागच्या रांगेत एक मुलगी दुसरीची रिबीन सोडतेय आणि परत बांधतेय. तीनदा.

आणि एक गोष्ट वर्गात असताना माझ्या लक्षातच आली नव्हती. एका गटाने 'टेबल' म्हटलं. कारखान्यावरून आलेला एक मुलगा, इथे त्याला बाळू म्हणू, ताडकन उठून म्हणाला, "लायन!" वर्ग हसला. हुशार मंडळी ओरडली, "ई! ई! टेबलचं शेवटी ई येतं!" मीही म्हणाले, "ई वरून सांग बाळा." तो खाली बसला तो बसलाच. व्हिडिओ बघताना डोक्यात प्रकाश पडला. आपल्या भेंड्या आवाजावर चालतात. 'ल' आला की 'ल'. पोरगं भेंड्यांच्या नियमाने शंभर टक्के बरोबर होतं, शब्दही अस्सल इंग्रजी, आणि मी त्याला चूक ठरवलं. मी खेळवत होते त्या स्पेलिंगच्या भेंड्या, आणि त्या फक्त स्पेलिंग येणाऱ्यांसाठीच असतात. हे मला नोकरीच्या अकराव्या वर्षी कळलं.

व्हिडिओ ग्रुपवर टाकला. अठरा अंगठे आले.

तर असे खेळ सांगा, ज्यात बाळूही खेळेल आणि त्या 'ब्रो'वाल्यांनाही जांभया येणार नाहीत. अटी: खर्च नको, नेट नको आणि शेजारच्या वर्गातले सर भिंतीवर डस्टर आपटणार नाहीत इतपतच आवाज.

पाटीवरचा_मासा · २६ मार्च, रात्री ११.२५

ताई, आधी 'बाद' हा प्रकारच वर्गातून बाद करा. कुठलाही खेळ घ्या. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तो पहिल्या मिनिटाला बाद होऊन भिंतीला टेकतो. ज्याला सगळं येतं तो शेवटपर्यंत सराव करतो. उलटा कारभार.

मी 'शिवाजी म्हणतो' इंग्रजीतून घेतो. 'शिवाजी सेज, टच युवर नोज.' जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' म्हणून जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: मूल आधी भरपूर ऐकतं, अंगाने उत्तर देतं, तोंड नंतर उघडतं. तान्ह्या बाळाला आपण 'टाटा कर' म्हणतो. ते हात हलवतं. त्याने 'टाटा' उच्चारलंच पाहिजे म्हणून कुणी अडून बसत नाही.

हुकूम मिसळून द्या. 'टच युवर नी' सगळ्यांना जमतं. 'टच समथिंग रफ' म्हटलं की हुशारांचीही धांदल उडते. आणि जो चुकला तो माझ्या शेजारी येऊन पुढचे दोन हुकूम देतो. याचा परिणाम असा झाला की पहिल्या बाकावरचे दोघे मुद्दाम चुकायला लागले. चालतंय.

निवृत्त_मास्तर · २७ मार्च, सकाळी ६.१०

मी १९७८ ला नोकरीला लागलो. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं, २००० साली ते पहिलीपासून आलं. त्यामुळे आमच्या पाचवीत सगळी पोरं एकाच रेघेवर उभी असायची, सगळ्यांची पाटी कोरी. तुमच्या पाचवीत प्रत्येक पोर चार वर्षांची आपापली थकबाकी घेऊन येतं. तुमचं काम आमच्यापेक्षा अवघड आहे, हे आधी मान्य करतो.

पण खेळांचं कौतुक जरा जपून करा. शनिवारी खेळलेले शब्द सोमवारी विचारून बघा. पोरांना खेळ आठवतो, शब्द नाही. आम्ही रोज पाच शब्द द्यायचो, प्रत्येक पाच वेळा लिहून आणायचा. कंटाळवाणं होतं, पण वही खोटं बोलत नाही.

खडूची_भुकटी · २७ मार्च, दुपारी २.०५

सोमवारची परीक्षा मंजूर, करून बघतेच.

पण सर, वही खोटं बोलते हो! माझी पोरं पाच वेळा 'बटरफ्लाय' लिहितात ते उभ्या रकान्यात. आधी पाच 'बी' एकाखाली एक, मग पाच 'यू', मग टी-टी-टी-टी-टी. विणकाम चालल्यासारखं. अख्खा शब्द एका दमात एकदाही लिहिलेला नसतो, आणि पान मात्र कसं नेटकं!

निवृत्त_मास्तर · २७ मार्च, दुपारी ४.३०

हा हा. खरं सांगू का, ते मीही केलंय लहानपणी.

शब्दवेल · २७ मार्च, रात्री ९.१५

मी शाळेत शिकवत नाही, भाषाविज्ञान शिकलेय. खेळ कोणता यापेक्षा खेळात कोणते शब्द एकत्र घालता इकडे लक्ष द्या, असं सुचवेन.

आपण काय करतो? आज रंग, उद्या फळं, परवा विरुद्धार्थी. दिसायला नीटनेटकं. पण टिंकम (१९९३) आणि वेअरिंग (१९९७) या संशोधकांच्या प्रयोगांत असं दिसलं की एकाच जातीचे नवे शब्द एकदम दिले, तर ते पक्के व्हायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागतात. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालतात. न्यूझीलंडचे भाषा-अभ्यासक पॉल नेशन हेही बरीच वर्षं हेच बजावत आलेत. 'लेफ्ट' आणि 'राइट' एकाच तासाला शिकलेल्या मुलाला दोन्ही शब्द येतात, फक्त कुठला हात कुठला ते येत नाही. 'ट्यूजडे-थर्सडे'चं तेच. नुसत्या आवाजाने जवळचे शब्दही असाच घोळ करतात, 'किचन' आणि 'चिकन' आठवा.

याचा सगळ्यात जास्त फटका मागे राहिलेल्या मुलांना बसतो. पुढच्यांना त्यातला एक शब्द आधीच येत असतो, त्यामुळे त्यांच्यासाठी नवा एकच. मागच्यांसाठी दोन्ही नवे.

उपाय सोपा आहे. या आठवड्यात 'लेफ्ट' एकटा. तो इतका घोटवा की झोपेतही डावा हात वर झाला पाहिजे. 'राइट' पंधरा दिवसांनी.

पाटीवरचा_मासा · २७ मार्च, रात्री १०.०२

पटतंय, पण पुस्तकात पानभर फळं एकत्र छापलेली असतात त्याचं काय करू? केंद्रप्रमुख पाठाच्या टाचणात 'फ्रूट्स' शोधतात. मी तिथे 'बेडूक, हिरवा, तळं, उडी' लिहिलं तर मलाच तळ्यात उडी मारायला सांगतील.

शब्दवेल · २७ मार्च, रात्री १०.३०

गंमत म्हणजे तुम्ही बरोबर यादी लिहिलीत! 'फ्रॉग, ग्रीन, पाँड, जंप' ही एका प्रसंगातली माळ आहे, एका जातीची नाही. टिंकमच्या १९९७ च्या कामात अशा प्रसंगाने जोडलेल्या शब्दांचा त्रास झाला नाही, उलट ते सोपे गेले.

फळांचं पान उजळणीला वापरा. माहीत असलेले शब्द गटात घातले तर काही बिघडत नाही. ॲपल, मँगो, बनाना येतातच, त्यात नवं एकच घाला. तुमच्याकडे सीताफळाचं 'कस्टर्ड ॲपल' कुणाला येतं बघा.

मी_नुसती_वाचक · २७ मार्च, रात्री ११.१०

+१, वाचनखूण साठवली.

अवांतर: आम्ही चाळीत 'टिपी टिपी टिप टॉप, व्हॉट कलर डू यू वॉन्ट?' खेळायचो. ते वाक्य मी निदान पाच वर्षं बिनचूक म्हणत होते आणि त्याला काही अर्थ असतो याचा पत्ताच नव्हता. मला तो 'अक्कड बक्कड'सारखा मंत्र वाटायचा.

पाटीवरचा_मासा · २८ मार्च, सकाळी ७.४५

वाचकताई, हे अवांतर नाही, सोनं आहे. खेळ पोरांना आधीच येतो, नियम समजावण्यात मराठीतून दहा मिनिटं जात नाहीत. रंग संपले की 'समथिंग राउंड', 'समथिंग मेड ऑफ आयर्न' सुरू करायचं. आज परिपाठानंतर घेतो.

परसातला_पेरू · २८ मार्च, रात्री ८.२० (न्यू जर्सी)

तुमचा प्रश्न आरशात धरला की माझा होतो. मी इथे रविवारी मराठी शाळेत शिकवते. घरी आजी असलेलं एक मूल 'अगं बाई' म्हणतं, दुसऱ्याला 'पाणी'पलीकडे शब्द नाही, आणि दोघं एकाच वर्गात, कारण वय सारखं.

माझा सगळ्यात चाललेला खेळ: ताटात दहा-बारा वस्तू, वर पंचा. एक जण सगळ्यांना पाठ फिरवायला लावतो आणि एक वस्तू लपवतो. बाकीच्यांनी ओळखायचं. हा जुनाच खेळ आहे. मी त्यात एकच बदल केला. लपवणारा नेहमी सगळ्यात कमी भाषा येणारा. त्याला शब्द बोलावा लागत नाही. बाकीचे विचारतात, 'चमचा आहे का?' 'किल्ली आहे का?' आणि तो फक्त 'हो' किंवा 'नाही' म्हणतो. पण 'नाही' म्हणायला तरी शब्द कळावा लागतो ना? एका फेरीत त्याच्या कानावर सगळे शब्द पडतात, तेही सगळा वर्ग त्याच्या तोंडाकडे बघत असताना. मध्यम मुलांना नुसतं नाव घेऊन विचारायची मुभा. ज्यांना चांगलं येतं त्यांना नाव घ्यायला बंदी: 'ज्याने दार उघडतो ते आहे का?' असंच विचारायचं.

सावकाश_चला · २९ मार्च, सकाळी ११.००

विशेष शिक्षिका आहे. माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची वाचेल.

मी तीन पातळ्यांची शब्दकार्डं केली होती. हिरवी सोपी, पिवळी मधली, लाल कठीण. मला वाटलं काय झकास युक्ती. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा दुसऱ्याला म्हणाला, "ए हिरव्या!" पोरांनी 'ढ'ला नवा शब्द शोधला होता आणि तो मी पुरवला होता. सगळी कार्डं रद्दीत.

आता मी हाउजी घेते. कार्डं सगळी एकाच रंगाची, नऊ घरांची, पण घरात काय आहे ते वेगळं. काही कार्डांवर चित्रं. काहींवर शब्द, एखादं अक्षर गाळलेलं, ते भरलं तरच चिंचोका ठेवायचा. काही कार्डं कोरी, त्यांनी ऐकून शब्द स्वतः लिहायचा. पुकारा सगळ्यांना एकच, 'स्पायडर!' आणि कार्ड कुठलं घ्यायचं ते मूल स्वतः ठरवतं. दोन-तीन डाव झाले की चित्रवाली मुलं आपणहून 'मला गाळलेलं द्या' म्हणतात. कुणी महिनाभर चित्रावरच राहिलं तर राहू दे.

डाव पहिल्या ओळीवर थांबवू नका, पूर्ण घर भरेपर्यंत न्या. आणि ओरडायचं नाही, उभं राहायचं. डस्टरवाल्या सरांसाठी.

बी-डीचा गोंधळ पाचवीत दिसला म्हणून लगेच डिस्लेक्सिया समजू नका, वर्षातले चार-पाच महिने शाळाच न मिळालेलं मूलही तसं करतं. पण जे नियमित येतं, तोंडी तल्लख आहे आणि तरी वाचनाला अडतं, त्याची तपासणी जरूर करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) आहे, म्हणजे सवलती मिळू शकतात. तोवर त्याला वर्गासमोर उभं करून वाचायला लावणारा एकही खेळ नको.

डोंगरावरची_शाळा · २९ मार्च, रात्री ९.५०

आमची शाळा पहिली ते चौथी, पोरं सतरा, मास्तर मी एकटा. 'मिश्र वर्ग' हा शब्द ऐकला की हसू येतं, आमच्याकडे दुसरा प्रकारच नाही.

दोन गोष्टी. एक, पळतं श्रुतलेखन. ओट्याच्या भिंतीवर दोन-तीन वाक्यं चिकटवा. जोडीतला एक जण पळत जाऊन वाचतो, डोक्यात धरून येतो, दुसरा लिहितो. कुणाला वाचता येत नसेल तर शब्दांऐवजी चित्रांची ओळ लावायची, तो येऊन 'कॅट, बस, ट्री' सांगतो, लिहिणारा लिहितो.

दुसरी गोष्ट: पोरांना घरातले इंग्रजी शब्द गोळा करायला सांगा. शेतकऱ्याच्या घरात इंग्रजी खच्चून भरलेलं असतं, कुणी मोजत नाही. मोटर, स्टार्टर, फ्यूज, पाइप, व्हॉल्व, ग्रीस, ब्रेक. आजीला 'शुगर' असते, आजोबांना 'सलाईन' लावतात. आमच्या पहिलीतल्या पोरीने 'रिचार्ज' आणला होता.

सेमीवाली_बाई · ३० मार्च, दुपारी १.१५

डोंगरावरचे सर, यात एक खाच आहे. आमच्याकडे सेमी इंग्रजी, विज्ञान इंग्रजीतून. 'रूट' म्हटलं की पोरांना एसटीचा रूट आठवतो, आणि एकाला दाताचं रूट कॅनल. मुळाशी कुणी जात नाही! घरातून आलेले शब्द अर्थ बदलून आलेले असतात. 'लाइट गेली' मधली लाइट, चहा-भज्यांचं 'हॉटेल', 'गॅसवर दूध ठेव' मधला गॅस.

शब्दवेल · ३० मार्च, रात्री ८.४०

तोच तर खेळ आहे! 'घरी काय अर्थ, पुस्तकात काय अर्थ' अशा जोड्या. इथे बाळू आणि ब्रो एकाच पायरीवर उभे राहतात, कारण घरचा अर्थ दोघांनाही येतो.

आणि मास्तरांच्या सोमवारबद्दल: ते बरोबर बोलताहेत. विसरणं कसं होतं हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मांडलं. सुरुवातीला झपाट्याने, मग हळूहळू. लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाने १९७२ मध्ये त्यावर कप्प्यांच्या खोक्याचा तोडगा सांगितला. शब्द आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आला की परत पहिल्यात. पुढचे कप्पे विरळ उघडायचे. बुटाच्या खोक्यात पुठ्ठे घालून होतं. कप्प्यांना नावं द्या: रोज, बाजाराच्या दिवशी, अमावस्येला.

खडूची_भुकटी · १९ एप्रिल, रात्री ९.३०

गायब झाले म्हणून रागावू नका, वर्षअखेरीची कामं, निकाल, त्यात ऑनलाइन माहित्या. पण बरंच करून बघितलं. काय चाललं आणि काय आपटलं ते सांगते.

शिवाजी म्हणतो. शनिवारी पोरांनी झकास केलं, मला वाटलं जिंकलो. सोमवारी मास्तरांची परीक्षा घेतली, एकेकाला बोलावून. निम्म्यांना 'एल्बो' कुठे आणि 'अँकल' कुठे पत्ता नाही. 'अँकल' म्हणजे काका असंही उत्तर आलं. मग उजेड पडला, शनिवारी ही मंडळी शेजाऱ्याकडे बघून करत होती! तेव्हापासून डोळे मिटून. एकाने मिटल्या डोळ्यांनी शेजाऱ्याचं नाक धरलं, पाच मिनिटं वाया गेली, पण आता कुणाला काय येतं ते मला खरं दिसतं. (एल्बो आणि अँकल एकाच दिवशी शिकवले होते. शब्दवेलताई, बोलू नका.)

हाउजी उत्तम. कार्डं लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केली. गावात पत्रिकांना तोटा नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, एवढी आमंत्रणं?" कार्ड मुलांनीच निवडायचं हे मला भीतभीतच जमलं, वाटलं सगळी चित्रंच उचलतील. पहिल्या दिवशी उचललीच. दुसऱ्या आठवड्यात चित्रवाली कार्डं उरायला लागली. 'ब्रो'पैकी एक मात्र अजून चित्रच घेतो, कारण त्यात लवकर घर भरतं. हिशेबी आहे.

पळतं श्रुतलेखन आपटलं. दारात दोघांची टक्कर, एकाचा गुडघा सोलवटला, डस्टर वाजलं. आता 'चालतं' श्रुतलेखन आहे, पळालं की पुन्हा पहिल्यापासून.

ताटातली वस्तू. गोरमाटी बोलणाऱ्या दोघींतली एक वर्षभर माझ्याशी मान हलवूनच बोलायची. तिला लपवायला दिलं. चमचा, कुलूप, कंगवा, वात, खिळा, बॅटरी, असं बरंच. तिने खिळा लपवला. पोरं विचारतात, 'इज इट द स्पून?' ही 'नो'. 'इज इट द कोम?' 'नो'. ठसक्यात, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने. नाव घेऊन विचारायची बंदी असलेल्या एकाची तर बोबडी वळली, "दॅट थिंग... केसाचं थिंग." चौथ्या-पाचव्या दिवशी सगळे अडकले तेव्हा ती आपणहून म्हणाली, "निअर स्पून." मी काहीच बोलले नाही, मुद्दाम. कौतुक केलं असतं तर परत मान हलवायला लागली असती.

घरातले शब्द. बाळूने पाठकोऱ्या कागदावर सव्वीस शब्द आणले, सगळे मराठी अक्षरांत. ट्रॅक्टर, ट्रॉली, लोड, डिझेल, टायर, जॅक, ब्रेकडाउन, हेडलाइट, पंक्चर, ॲडव्हान्स. 'ॲडव्हान्स' म्हणजे काय विचारलं तर म्हणाला, "उचल. मुकादम देतो ती." वर्गात दुसऱ्या कुणाला तो अर्थ सांगता आला नाही. 'ब्रेकडाउन'चे दोन तुकडे फळ्यावर करून दाखवले, 'ब्रेक' आणि 'डाउन', तर पोरांनी 'सिट डाउन'मधला 'डाउन' तिथे ओळखला. मी सांगितला नव्हता.

सगळ्यात हसू आलं ते 'कॉपी'चं. पुस्तकात सूचना होती, 'कॉपी द सेंटेन्स'. एक मुलगी वही मिटून गप्प बसलेली. का गं? "मॅडम, कॉपी करायची नाही ना? भिंतीवर लिहिलंय." कॉपीमुक्त अभियानाचा फलक बाहेरच्या भिंतीवर आहे.

सेमीवाली_बाई · १९ एप्रिल, रात्री ९.५५

मेले हसून. हा प्रश्न परीक्षेत आला असता तर तिचे गुण गेले असते, आणि चूक कुणाची?

निवृत्त_मास्तर · २० एप्रिल, सकाळी ६.०५

सोमवारची परीक्षा घेतलीत, बरं वाटलं. खोक्याचं काय झालं? आणि भेंड्या सोडल्या की काय?

खडूची_भुकटी · २० एप्रिल, दुपारी ३.२०

खोकं झालं. बाजाराच्या दिवशीचा कप्पा छान चालतो, रविवारी बाजार म्हणून आम्ही सोमवारी उघडतो, 'बाजारातून काय आणलं' म्हणत. अमावस्येचा कप्पा अजून एकदाच उघडलाय. त्यातल्या चौदा कार्डांतली सहा परत पहिल्या कप्प्यात आली. सर, तुमची वही असती तर मला वाटलं असतं चौदाही येतात.

भेंड्या सोडल्या नाहीत, दोन केल्या. सोमवारी आवाजाच्या, गुरुवारी स्पेलिंगच्या. दोन्हींच्या आधी फळ्यावर कान किंवा डोळा काढते, म्हणजे आज कुठला नियम ते कळतं. आवाजाच्या भेंड्यांत परत मोबाइल ठेवला होता. एकोणीस आवाज मोजले. चार-पाच जण अजूनही काहीच बोलत नाहीत, त्यांचं काय करायचं ते मला सुचलेलं नाही. आणि बाळू तीन दिवस आलेला नाही. मामाच्या गावची जत्रा आहे म्हणे, सोमवारी येईल असं त्याची बहीण म्हणाली.

डोंगरावरची_शाळा · २० एप्रिल, रात्री ८.१०

आवाजाच्या भेंड्यांत एक शंका. 'किंग' आला की पुढे काय देता? 'ग' उच्चारात नीट येतच नाही. आणि 'बॉक्स'ला 'क' की 'स'? आमच्याकडे यावरून आज मारामारी झाली.

शब्दवेल · २० एप्रिल, रात्री ८.३५

काटेकोर बोलायचं तर 'किंग'चा शेवटचा आवाज नाकातला आहे आणि त्याने सुरू होणारा इंग्रजी शब्दच नाही. तिथेच भेंडी चढेल.

पाटीवरचा_मासा · २० एप्रिल, रात्री ८.४०

म्हणजे ज्याला 'किंग' सुचला तो राजा!

खडूची_भुकटी · २० एप्रिल, रात्री ९.०५

आमच्याकडे पोरांनीच ठरवलंय, 'किंग'ला 'ग' आणि 'बॉक्स'ला 'स'. परवा 'ग' वरून गोट झाला, गर्ल झाली, गम झाला, मग मागून कुणीतरी 'गुटखा' म्हणालं. तो इंग्रजी नाही यावर मतदान घ्यावं लागलं. एकवीस विरुद्ध नऊ.